बंद खात्याच्या डेबिट कार्डावर फसवणूक: बँकेशी व्यवहार कसा करायचा

खातं बंद केलं, शिल्लक काढून घेतली, कार्ड कात्रीने कापून टाकलं. काही महिन्यांनी त्याच कार्डावर परदेशी संकेतस्थळावरची खरेदी झाल्याचं कळतं, किंवा बँकेचा मेसेज येतो की खात्यात उणे शिल्लक आहे, रक्कम ताबडतोब भरा. तक्रारीसाठी फोन लावला तर यंत्र खाते क्रमांक ओळखत नाही, आणि माणूस भेटलाच तर म्हणतो, "सिस्टिममध्ये खातं क्लोज दिसतंय, तक्रार नोंदवता येणार नाही."

चालू खात्यावरच्या फसवणुकीपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. तिथे वाद असतो की व्यवहार कोणी केला. इथे आधी तीन तारखा ठरवाव्या लागतात: खातं बंद झाल्याची, व्यवहाराला मंजुरी मिळाल्याची आणि व्यवहार खात्यात नोंदला गेल्याची. या तीन तारखा बँकेकडून लेखी मिळाल्या की निम्मं काम झालं. त्या हातात नसताना शाखेत तासभर हुज्जत घातली तरी काही निष्पन्न होत नाही.

बंद खात्यातून पैसे जातात कसे

बँकेत खातं एका प्रणालीत असतं आणि कार्ड दुसऱ्या. खात्याचा हिशोब कोअर बँकिंगमध्ये राहतो, तर कार्ड, पिन आणि मर्यादा कार्डांच्या स्विचवर, म्हणजे कार्डाचे व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्या यंत्रणेवर राहतात. खातं बंद करताना कार्ड तिकडे हॉटलिस्ट करणं, म्हणजे रोखलेल्या कार्डांच्या यादीत टाकणं, ही वेगळी पायरी आहे. काही ठिकाणी ती आपोआप होते, काही ठिकाणी कर्मचाऱ्याला करावी लागते, आणि तिथेच ती राहून जाते. कार्ड कापल्याने फक्त प्लास्टिकचे तुकडे होतात. क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही ज्याच्याकडे आधीच पोहोचले आहेत त्याच्या दृष्टीने ते कार्ड जिवंतच असतं.

दुसरी शक्यता अशी की खातं बंद झालेलंच नसतं. अर्ज दिला, काउंटरवर शिक्का मिळाला, पण आत अर्ज अडकला: सही जुळली नाही, एखादी रक्कम लीन (बँकेच्या येण्यापोटी रोखलेली) म्हणून अडवलेली होती, लॉकरचं भाडं त्या खात्याला जोडलेलं होतं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं 'निष्क्रिय' होतं, आणि पुष्कळ लोक निष्क्रिय खात्यालाच बंद खातं समजतात. कायद्याने या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. निष्क्रिय खातं तुमचंच असतं.

एकच कार्ड दोन खात्यांना जोडलेलं असू शकतं. मुख्य खातं बंद झालं तरी दुसऱ्या खात्यामुळे कार्ड चालू राहतं.

मग येतात ऑनलाइन दुकानांत साठवलेली कार्डं. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदाराला कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक असतो. खातं बंद करताना ती टोकनं आणि दरमहा पैसे कापण्याची ई-मँडेट रद्द झाली का, हे सहसा कोणी विचारत नाही. एक भेद इथे नीट लक्षात घ्या. तुम्हीच कधीकाळी घेतलेल्या वर्गणीचे पैसे गेले असतील तर ती फसवणूक नाही, तो दुकानदाराशी असलेला वाद आहे. तो फसवणूक म्हणून नोंदवलात आणि बँकेने जुनी संमती दाखवली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी लागतोच असं नाही. जानेवारी २०२०च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या यंत्रांवर चालायला हवं. परदेशी, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. म्हणून परदेशी व्यवहार दिसला तर पहिला प्रश्न हाच: ही सुविधा कधी, कोणत्या मार्गाने सुरू झाली? त्याची नोंद बँकेकडे असते.

शेवटची शक्यता तांत्रिक आहे, पण तीच बँका सर्वांत कमी समजावून सांगतात. बँकेची यंत्रणा काही वेळ बंद असेल तर कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखं) तिच्या वतीने, तिने ठरवून दिलेल्या मर्यादेत व्यवहार मंजूर करतं. नेटवर्कला खात्याची शिल्लक दिसत नाही, खातं बंद आहे हेही दिसत नाही. कार्ड हॉटलिस्ट केल्याची नोंद पोहोचली असेल तरच ते नकार देतं. मंजुरी एका दिवशी आणि प्रत्यक्ष वसुली काही दिवसांनी, असंही होतं. मधल्या काळात खातं बंद झालं असेल तर रक्कम उणे शिल्लक म्हणून तुमच्या नावावर येऊन बसते.

कळल्याच्या दिवशी

खाते क्रमांक चालत नसेल तर कार्ड क्रमांकाने ब्लॉक करा. टोल फ्री क्रमांकावर कार्ड हरवल्याचा पर्याय निवडला की बहुतेक ठिकाणी कार्डाचे अंक विचारले जातात आणि खात्याची स्थिती आड येत नाही. "खातं बंद आहे म्हणजे कार्ड बंदच असणार" या उत्तरावर समाधान मानू नका. कार्ड हॉटलिस्ट झाल्याची तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक मागा. फोनवर तक्रार घेतलीच नाही तर त्याच दिवशी बँकेच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. तक्रार केव्हा कळवली याचा पुरावा ईमेलवर आपोआप राहतो.

लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. रक्कम, तारीख, वेळ, बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मिळाला असेल तर बारा अंकी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) जवळ ठेवा. पैसे देशातल्याच एखाद्या खात्यात गेले असतील तर ते पुढे सरकण्याआधी अडवण्याची यंत्रणा इथूनच हलते, त्यामुळे तासांनी फरक पडतो. परदेशी दुकानाच्या व्यवहारात हा उपाय फार चालत नाही. पण पोच क्रमांक बँकेला दाखवायला उपयोगी पडतो, म्हणून तो तरीही घ्या. ई-एफआयआर केली तर तीन दिवसांच्या आत पोलिस ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

दोन गोष्टी मुळीच करू नका. पहिली, उणे शिल्लक 'आत्ता भरून टाका, नंतर परत मिळेल' म्हणून भरू नका. भरणा म्हणजे नोंद मान्य, असा अर्थ नंतर काढला जातो. दुसरी, खातं पुन्हा सुरू करण्याच्या अर्जावर घाईने सही करू नका. पैसे जमा करण्यासाठी खातं तांत्रिकदृष्ट्या उघडावं लागतं असं बँक म्हणत असेल तर ते लेखी घ्या: फक्त परतफेड जमा करण्यासाठी, नावे (पैसे वजा करणाऱ्या) नोंदी बंद ठेवून, आणि नंतर पुन्हा बंद करण्याच्या अटीवर.

आणखी एक. याच दिवसांत 'बंद खात्यातला परतावा अडकला आहे' असं सांगून ओटीपी मागणारे किंवा मोबाईलचा पडदा दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावणारे फोन येतात. परतावा मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही.

कागद गोळा करणं

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र. ते नसेल तर अर्जाची शिक्क्यासह पोच, शेवटची शिल्लक शून्य दाखवणारा उतारा, शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवल्याची नोंद, किंवा खातं बंद झाल्याचा मेसेज यांतलं जे असेल ते. काहीच नसेल तर शाखेकडे दोन गोष्टी लेखी मागा: खातं बंद झाल्याची तारीख नमूद असलेला दाखला, आणि बंद होण्याआधीच्या महिन्यापासून आजपर्यंतचा उतारा.

"जुना डेटा निघत नाही" असं सांगितलं जातं. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहाराच्या नोंदी व्यवहारापासून पाच वर्षं, आणि ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रं संबंध संपल्यापासून पाच वर्षं जपणं बँकेवर बंधनकारक आहे. हे नम्रपणे, पण लेखी सांगितलं की डेटा बहुधा निघतो.

बँक विलीन झाली असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही खाते क्रमांक द्या. फक्त जुना दिला तर तो सापडत नाही आणि तक्रार न वाचताच परत येते.

एटीएममधून पैसे गेले असतील तर त्या यंत्राची इलेक्ट्रॉनिक जर्नल नोंद (यंत्राने स्वतः ठेवलेली व्यवहारांची नोंद) आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच पत्रात करा. जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढतं. दोन महिन्यांनी मागितलं तर ते मिळण्याची आशा कमी.

पत्रात काय लिहायचं

शाखेच्या फॉर्मवर 'फ्रॉड झाला आहे, पैसे परत द्या' एवढंच लिहिण्याइतकी जागा असते. फॉर्म भरा, पण त्याला स्वतःचं पत्र जोडा. मजकूर साधारण असा असावा:

"माझे खाते (जुना व नवा क्रमांक) अमुक तारखेस बंद करण्यात आले. त्यानंतर त्या खात्याशी संलग्न डेबिट कार्डावर (शेवटचे चार अंक) अमुक रकमेचा व्यवहार नोंदला गेल्याचे मला अमुक तारखेस, अमुक मार्गाने समजले. हा व्यवहार मी केलेला नाही, कोणास करण्यास सांगितलेले नाही, तसेच कार्डाची माहिती, पिन वा ओटीपी कोणासही दिलेला नाही. त्यापूर्वी बँकेकडून मला या व्यवहाराची कोणतीही सूचना मिळालेली नाही. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी: खाते बंद झाल्याची व कार्ड हॉटलिस्ट केल्याची तारीख आणि वेळ, व्यवहाराच्या मंजुरीची व नोंदीची तारीख आणि वेळ, मंजुरी बँकेने दिली की नेटवर्कने, व्यवहार चिप, पिन, कॉन्टॅक्टलेस, ओटीपी वा ओटीपीविना यांपैकी कशाने झाला, दुकानदाराचे नाव, देश आणि संदर्भ क्रमांक, सूचना कोणत्या मोबाईल क्रमांकावर पाठवली. परतफेड खाली दिलेल्या माझ्या दुसऱ्या बँकेतील खात्यात करावी."

सोबत रद्द केलेला धनादेश, ओळखपत्राची प्रत आणि १९३०ची पोच जोडा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. शाखेने नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच प्रत ईमेलने नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या बँकेच्या अधिकाऱ्याला द्या. त्यांचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो.

प्रश्न एवढे नेमके विचारण्याचं कारण आहे. 'मंजुरी कोणी दिली' याचं उत्तर 'नेटवर्कने' असं आलं तर बँकेने हॉटलिस्टची नोंद पुढे पाठवली नव्हती, हा निष्कर्ष जवळजवळ अटळ ठरतो. आणि मंजुरीची तारीख खातं बंद होण्याच्या आधीची निघाली तर तुमचा मुद्दाच बदलतो: मग खातं बंद असण्यावर भर न देता सरळ अनधिकृत व्यवहार म्हणून लढायचं.

नियम तुमच्या बाजूने कुठे आहेत

६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाच्या जबाबदारीची चौकट घालून दिली. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. त्यातली मांडणी अशी आहे. चूक किंवा त्रुटी बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने कळवलेलं असो वा नसो. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, म्हणजे मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेत गळती झाली, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यासाठी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये, किंवा व्यवहाराची रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे धरायचे. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी सूचना मिळाली आणि मध्ये सुटी नसेल, तर सोमवार, मंगळवार, बुधवार हे तुमचे तीन दिवस.

बंद खात्यात या मोजणीला फार मोठा अर्थ येतो. खातं बंद होताना मोबाईल क्रमांकाची जोडणी सहसा निघते, म्हणून मेसेज येतच नाही. घड्याळ बँकेच्या सूचनेपासून सुरू होतं, व्यवहाराच्या तारखेपासून नाही. बँक म्हणाली की तुम्ही पाच महिन्यांनी आलात, तर सूचना कोणत्या क्रमांकावर, केव्हा पोहोचली ते दाखवा, असं लेखी विचारा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. माझं मत असं की खातं बंद केल्यानंतर मंजूर झालेला व्यवहार ही बँकेच्याच त्रुटीची बाब आहे आणि तिथे दिवस मोजण्याची गरजच नाही. पत्रात हाच मुद्दा आधी घ्या, तीन दिवसांचा मुद्दा पर्याय म्हणून मागे ठेवा.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासूनच्या मूल्याने, म्हणजे ती त्या तारखेपासून खात्यातच होती असं धरून. विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत थांबता येत नाही. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागला नाही, किंवा जबाबदारी ठरली नाही, तर नियमाप्रमाणे होणारी भरपाई द्यावीच लागते.

"ओटीपी टाकलाय" आणि "चार्जबॅक फेटाळला"

ही दोन उत्तरं हमखास येतात. कार्ड नेटवर्कच्या नियमांत ओटीपीने प्रमाणित झालेल्या ऑनलाइन व्यवहाराची जोखीम दुकानदाराकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. म्हणून अशा व्यवहारात बँकेचा चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागणारा दावा, फेटाळला जातो. पण चार्जबॅक हा तुमची बँक आणि दुकानदाराची बँक यांच्यातला मामला आहे. तो हरल्याने तुमची जबाबदारी आपोआप सिद्ध होत नाही. ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला, हे विचारा. बंद खात्याशी तुमचा क्रमांक जोडलेलाच नव्हता असं बँक एकीकडे म्हणत असेल आणि दुसरीकडे ओटीपी तुमच्याकडे आला असंही म्हणत असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

मुदतीचंही भान ठेवा. व्हिसा आणि मास्टरकार्डमध्ये फसवणुकीचा चार्जबॅक साधारण १२० दिवसांत घालावा लागतो. 'खातं बंद आहे, आधी पडताळणी होऊ द्या' असं म्हणत शाखेने तीन महिने घालवले तर ही खिडकी बंद होते. दोष बँकेचा असला तरी तिची परतफेडीची तयारी त्यानंतर उघड कमी होते. म्हणून पहिल्याच पत्रात चार्जबॅक घालण्याची स्पष्ट मागणी असावी.

पैसे परत येतात, पण कुठे?

चार्जबॅक जिंकला की रक्कम मूळ कार्डाकडे, म्हणजे बंद खात्याकडे येते. तिथे नोंद होत नाही म्हणून ती बँकेच्या संड्री किंवा सस्पेन्स खात्यात, म्हणजे मालक न ठरलेल्या रकमांच्या अंतर्गत खात्यात पडते. तक्रार 'निकाली' म्हणून बंद होते, ग्राहकाच्या हाती मात्र काही येत नाही, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असं वाटतं. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला की रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणत्या यूटीआर क्रमांकाने (बँकेतून रक्कम पाठवल्याचा संदर्भ क्रमांक) पाठवली ते विचारा. यूटीआर नाही म्हणजे पैसे बँकेतच आहेत, असं समजा.

उणे शिल्लक लावलेली असेल तर मूळ रकमेसोबत त्यावर लागलेलं व्याज, दंड, कार्डाचं वार्षिक शुल्क आणि जीएसटी उलटवून घ्या. मूळ नोंद उलटते आणि शुल्कं तशीच राहतात, हे वारंवार दिसतं.

मग पतअहवाल बघा. उणे शिल्लक ओव्हरड्राफ्ट म्हणून कळवली गेली असेल तर ती थकीत कर्जासारखी दिसते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही काढा, कारण बँक चौघांनाही माहिती देते. चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

बँक ऐकत नसेल तर

तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळण्याआधी बँकेने ती स्वतःच्या अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे फेटाळायच्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायची असते. ही सोय असलेल्या बँकेला विचारा: हे उत्तर त्यांनी पाहिलं आहे का? या एका प्रश्नाने काही प्रकरणं पुन्हा उघडतात.

तक्रारीला ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तक्रार दाखलच होत नाही, म्हणून ती शिक्क्याची प्रत जपायची. पोलिस तपास चालू आहे म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही, असं बँकेचे लोक सांगतात. २०२१च्या योजनेत फौजदारी प्रकरण किंवा पोलिस तपास हा अडथळा धरलेला नाही. ग्राहक आयोगात त्याच विषयावर दावा चालू असेल तर मात्र अडचण येते, त्यामुळे आधी लोकपाल, मग आयोग, हाच क्रम ठेवा. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत असते.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची.

प्रकरण मिटताना बँकेकडून एकच पत्र घ्या, आणि त्यात पाच गोष्टी असल्याची खात्री करा: खातं कोणत्या तारखेपासून बंद आहे, कार्ड कायमचं रद्द झालं आहे, कार्डाशी जोडलेली टोकनं आणि ई-मँडेट काढली आहेत, ग्राहकाकडे कोणतीही रक्कम येणे नाही, आणि पतअहवालात काही कळवलं असल्यास ते दुरुस्त केलं आहे.